मराठी न येणारा साहेब

मी इंग्रजीचा मास्तर आहे. माझं इंग्रजी मी आजवर एकाच खऱ्याखुऱ्या परदेशी माणसावर वापरून पाहिलं, आणि तो माणूस गुडघाभर चिखलात गेला.

झालं असं, की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची सहल पळसदेवच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर गेली होती. पाणी मागं हटलं होतं, लांबलांबचे पक्षी उतरले होते, आणि पक्ष्यांच्या मागोमाग गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक गोरा माणूसही आला होता. त्यानं मला काहीतरी विचारलं. सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. वर्गात रोज 'लिसन केअरफुली' म्हणून ओरडणारा मी, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण इंग्रजीच्या मास्तरला कळलं नाही असं कसं चालेल? मी हसून म्हणालो, "यस, यस." त्यानं आभार मानले, चार पावलं पुढं टाकली आणि गाळात रुतला. पुढची जमीन टणक आहे का, एवढंच त्यानं विचारलं होतं. मासे धरणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढलं. परतीच्या वाटेवर पोरांनी बसमध्ये 'यस यस'चं गाणं केलं. ते गाणं अजून दर वर्षी नव्या तुकडीला कुणी न शिकवता येतं, पुस्तकातल्या कविता मात्र मी शिकवूनही येत नाहीत.

तर अशा माणसाला यंदा संस्थेनं भाषेचा परीक्षक केलं.

त्याला कारण संस्थेच्या अध्यक्षांची नात. ती अमेरिकेत असते. तिची शाळा संपली तेव्हा तिच्या प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का मारून दिला म्हणे, कशाबद्दल, तर हिला दोन भाषा चांगल्या येतात म्हणून. त्यातली एक इंग्रजी आणि दुसरी आपली मराठी. अध्यक्ष महिनाभर तिकडं राहून बारामतीला परत आले ते हा शिक्का डोक्यात घेऊनच. मीटिंगमध्ये म्हणाले, "तिकडं रविवारी तासभर मराठी शिकणाऱ्या पोरीचा एवढा मान करतात. आपली पोरं काय कमी आहेत? बारावीच्या निरोप समारंभात आपणही सत्कार करायचा." आमच्याकडं सत्कार म्हटलं की नाही म्हणायची पद्धत नाही. शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स यांची तयारी आधी होते, सत्कार कशाबद्दल करायचा ते मागाहून ठरतं. शिक्क्याऐवजी पितळी बिल्ले घडवून आले. त्यावर 'द्विभाषा प्रावीण्य' असं कोरलेलं. ते बघून आमच्या शिपायानं विचारलं, "सर, पोरं यष्टी स्टँडवर हमालीला लावायची हायेत का?"

परीक्षा घ्यायला आम्ही दोघं. इंग्रजीला मी, मराठीला मराठीच्या मॅडम. मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांची मराठी इतकी स्वच्छ की त्यांच्यासमोर शिंकताना सुद्धा शुद्धलेखन सांभाळावंसं वाटतं. वाचन झालं, लेखन झालं, आणि शेवटची कसोटी अध्यक्षांनी स्वतः सुचवली. एका बाजूला फक्त मराठी येणारा माणूस बसवायचा, दुसऱ्या बाजूला फक्त इंग्रजी येणारा, आणि मधल्या मुलानं याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं. न गाळता, न घालता. "खरा दुभाषी तिथं कळतो," अध्यक्ष म्हणाले. ते बरोबर होतं, पण त्याचा त्रास मला होणार आहे हे तेव्हा मला कळलं नाही.

आता मध्येच माझ्या घरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माझं गाव अंथुर्णे. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं राहतात. ऊस आहे, कारखान्याचे सभासद आहेत, एक म्हैस आहे, आणि तालुक्यात त्यांच्याइतका बोलका माणूस सापडायचा नाही. पारावर बसले तर एस.टी.चा कंडक्टर गाडी थांबवून ऐकतो. पण माझ्याशी ते बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. आमचं भांडण वगैरे अजिबात नाही. आमच्या भागात बाप आणि मोठा झालेला मुलगा समोरासमोर बोलतच नाहीत, मध्ये आई असते. आबा बाहेरच्या सोप्यात बसून म्हणायचे, "तुज्या लेकाला सांग, डिझेल आणाय पायजे." मी दोन हातांवर बसलेलो असायचो. आई म्हणायची, "आबा म्हणत्यात डिझेल आण." मी म्हणायचो, "आबांना सांग, उद्या आणतो." आई वळून सांगायची, "उद्या आणतो म्हणतोय." आणि ती नुसतं सांगायची असंही नाही. मी चिडून बोललेलं तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गार झालेलं असायचं. आबांनी दिलेली शिवी माझ्यापर्यंत 'काळजी करत्यात रे तुझी' होऊन यायची. न गाळता न घालता या नियमात ती कधीच पास झाली नसती.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्या दिवसांत आम्हाला भेटायला सगळं गाव येऊन गेलं, पण आता आम्हा दोघांमध्ये बोलणार कोण, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. काही दिवस शेजारच्या काकू आल्या की त्यांना मध्ये घालून भागवलं. मग आबांनी म्हैस धरली. मी रविवारी गेलो की ते वैरण टाकता टाकता तिला म्हणायचे, "काय गं, साहेब आल्यात वाटतं. च्या घेत्यात का इचार." मी दावणीच्या अलीकडून म्हणायचो, "घेतो म्हणावं." मी एम.ए. आहे, वाङ्‌मयावर व्याख्यानं देतो, आणि माझ्या बापाशी म्हशीमार्फत बोलतो. कॉलेजात मला हे कुणी विचारत नाही, हे त्यांचे उपकार आहेत.

दिवाळीनंतर आबा उसाच्या बांधावर चक्कर येऊन पडले. दूध घालायला निघालेल्या माणसानं बघितलं म्हणून बरं. त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं केलं, की आबांना आता बारामतीला आणायचं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. मी त्यांची खोली रंगवून घेतली. म्हशीला गिऱ्हाईक बघितलं. गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला. आणि हे सगळं आबांना कसं सांगितलं? शेजारच्या काकूंच्या हाती निरोप पाठवला. काकूंचा परत निरोप आला, की आबा ऐकून उठून गेले आणि दोन दिवस पाराकडं फिरकले नाहीत. ते येणार की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पाडवा जवळ येत होता, आणि आबा आता म्हशीशी सुद्धा बोलेनासे झाले होते.

परीक्षेच्या दिवशी योगायोगानं मी आबांना डोळे दाखवायला बारामतीला आणलं होतं. अंथुर्ण्यापासून कॉलेजपर्यंत मोटरसायकलवर ते माझ्या मागं बसले होते आणि आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. डॉक्टर दुपारनंतर भेटणार होते. मी त्यांना कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बाकावर बसवलं आणि शिपायाला त्यांना चहा द्यायला सांगून आत आलो.

आत गोंधळ चालला होता. फक्त इंग्रजी येणारा म्हणून एमआयडीसीतल्या एका केरळच्या इंजिनिअरला सांगून ठेवलं होतं. त्याचा निरोप आला, शिफ्ट बदलली, येता येत नाही. अध्यक्षांनी इकडं तिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"सर, तुम्हीच व्हा इंग्रज."

"साहेब, पण मला मराठी येते."

"नाही येत असं समजा. गॅदरिंगच्या नाटकात तुम्ही नाही का कलेक्टर झाला होता?"

झालो होतो, आणि हॅट डोळ्यावर आल्यामुळं स्टेजवरून पडलोही होतो. पण अध्यक्षांना नकार देणं मला कधी जमलेलं नाही. मी खुर्चीत बसलो, मराठी न येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो त्याचा विचार करू लागलो, आणि मॅडम म्हणाल्या की तसा चेहरा मला आधीपासूनच आहे.

दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. फक्त मराठी येणारा माणूस मिळेना. आमच्या एका प्राध्यापकांचे मेहुणे शेतकरी म्हणून बोलावले होते. ते बसल्या बसल्या म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर जळाला, मोटर बंद, ड्रिप चोकअप, पेमेंट पेंडिंग." मॅडमनी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. अध्यक्ष खिडकीशी गेले. लिंबाखाली पांढरं धोतर, पांढरी टोपी, कडक बसलेला म्हातारा.

"अरे, हे कोण? हेच घ्या की!"

मला बोलायला हवं होतं. हे माझे वडील आहेत, एवढे चार शब्द. पण मी आधीच इंग्रज झालो होतो, आणि तोवर अध्यक्षांनी बाहेर जाऊन आबांच्या खांद्यावर हात टाकला होता. आबा आत आले. मला खुर्चीत टाय लावून बसलेलं बघितलं. (टाय मॅडमनी स्टाफरूममधून पैदा केला होता.) मॅडमनी त्यांना समजावलं, की बाबा, हे बाहेरचे साहेब आहेत, यांना मराठीचं अक्षर कळत नाही. तुम्ही यांना तुमची एखादी अडचण सांगायची, विजेची, पाण्याची, काहीही. मुलं त्यांना इंग्रजीत सांगतील.

आबांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. "मराठी आजाबात कळत न्हाय ह्यास्नी?"

"अजिबात नाही."

"मला वाटलंच व्हतं," आबा म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर मांडी घालून बसले.

पहिल्या काही पोरांच्या वेळी आबांनी विजेचं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, वायरमनपासून सुरुवात करून वीज कुणी शोधली इथपर्यंत त्यांनी सगळ्यांचा उद्धार केला. रात्रीची लाईट, उसात साप, तार तुटलेली, वायरमन लग्नाला गेलेला. पहिला मुलगा घामाघूम होऊन माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "सर, नो लाईट."

"एवढंच?" आबा उसळले. "मी येवढा घसा कोरडा केला आन् साहेबाला एवढंच पोचलं व्हय?"

दुसऱ्यानं साप गाळला. तिसऱ्यानं साप घातला पण वायरमनला चावला. मी दर वेळी गंभीर मान हलवून 'यस, यस' म्हणत होतो, आणि दाराशी उभी राहिलेली पोरं ते गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत होती.

शेवटी पळसदेवची मुलगी आली. कला शाखेची, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. त्या गोऱ्या माणसाला गाळातून ओढणाऱ्या दोघांपैकी एक तिचे चुलते, त्यामुळं तिच्यासमोर इंग्रजीचा तोरा मिरवायची सोय मला कधीच नव्हती. ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली, ओढणी सारखी केली आणि आबांना म्हणाली, "सांगा आबा. कसली घाई न्हाय."

आबा तिच्याकडं वळून बसले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, माजी अडचण येगळीच हाय. ती लाईटीची न्हाय. मला एक ल्योक हाय. हितंच बारामतीत नोकरीला असतो. त्यानं ठरवलंय, म्हाताऱ्यानं आता गाव सोडायचं. त्येच्या फ्लॅटात ऱ्हायाचं. म्हस इकायची. खोलीला रंग बी दिलाय म्हणं. समद्या गावाला ठाव हाय, मला तेवढं कुणी इचारलं न्हाय. तितं खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसती. मी दिसभर कुणाशी बोलू? ह्या साहेबाला इचार, ह्येला न्याव म्हणायचा का?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मराठी न कळणाऱ्या माणसाचे कान असे लाल होत नाहीत, म्हणून मी टाय सैल केला. मुलीनं सगळं इंग्रजीत सांगितलं. संथ, साधं, काही न गाळता. खिडकीसमोरची खिडकी सुद्धा तिनं सोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांचं म्हणणं पूर्ण ऐकलं आणि तेही परक्या भाषेत. मला वाटायचं आबांना गाव सोडवत नाही ते हट्टामुळं. दिवसभर बोलणार कुणाशी, हा साधा प्रश्न रंग देताना माझ्या मनात आला नव्हता.

आता मला उत्तर देणं भाग होतं. मी इंग्रजीत म्हणालो, की या वयात सुरक्षितता महत्त्वाची. दवाखाना जवळ हवा. लिफ्ट आहे. बाग आहे. तिनं आबांना सांगितलं.

"ही तर बिल्डरची जाहिरात झाली," आबा म्हणाले. "साहेबाला इचार, ल्योकाची बाजू घेतोस, तुज्या सोताच्या बापाचं तू काय केलंस?"

ती माझ्याकडं वळली. प्रश्न विचारता विचारता तिचा आवाज कमी झाला, कारण ती एकदा माझ्या नाकाकडं आणि एकदा आबांच्या नाकाकडं बघत होती. आमच्या घराण्यात जमीन थोडी आली पण नाक सगळ्यांना सारखं आलं. तिला कळलं, हे मला कळलं. तरी तिनं प्रश्न पूर्ण केला.

आणि मग मला काय झालं, कोण जाणे. मी इंग्रजीत बोलायला लागलो आणि थांबलोच नाही. व्याकरण चुकत होतं, काळ चुकत होते, मुलांसमोर इतकं वाईट इंग्रजी मी कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, माझे वडील गावाला एकटे असतात. एक दिवस गावाकडचा फोन आला तेव्हा मी शिकवत होतो. पलीकडचा माणूस बोलायच्या आधीच मला वाटलं, माझे वडील गेले. तसं नव्हतं, पण ते मला पटायला गावापर्यंत जावं लागलं. तेव्हापासून फोन वाजला की मला उचलवत नाही. 'आय ॲम अफ्रेड,' मी म्हणालो. हे वाक्य मी पोरांकडून शेकडो वेळा घोकून घेतलं आहे, स्वतःसाठी कधी वापरलं नव्हतं. मराठीत तर नाहीच. मराठीत बाप्या माणूस बापाला असलं काही म्हणत नाही, तशी वाक्यं आमच्याकडं बायकांच्या तोंडात ठेवलेली असतात.

मुलगी आबांकडं वळली. आता तिनं आवाज आणखी खाली आणला.

"आबा, साहेब म्हणत्यात, तेंचं वडील बी गावाला एकलं असत्यात. एकदा फोन आला तर साहेबांना वाटलं, वडील गेलं. गावापतुर गाडीवर हेल्मेटमधी रडत गेलं साहेब. तवापासनं फोन वाजला की तेंच्या पोटात गोळा येतो. लई भ्या वाटतं म्हणत्यात."

हेल्मेटचं मी बोलून गेलो होतो का? गेलो असणार. इंग्रजीत माणूस काय काय बोलून जातो त्याचा पत्ता लागत नाही.

आबांचा हात टोपीवरच थांबला. त्यांनी मुलीकडं न बघता सरळ माझ्याकडं बघितलं.

"रडत आला व्हतास? आन् आल्या आल्या मला काय इचारलंस? टोपी कुठं पडली म्हणून?"

हेही खरं होतं. त्या दिवशी बारामतीपासून अंथुर्ण्यापर्यंत हुंदके देत गेलो, आबांना सोप्यात बसून चहा पिताना बघितलं, हेल्मेट काढायच्या आधी डोळे पुसले आणि दावणीकडं तोंड करून पहिलं वाक्य बोललो ते हे: "टोपी कुठं पडली?" बापाचा जीव वाचला त्या आनंदात मला टोपी सुचली.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, साहेबांशी थेट बोलू नका. विद्यार्थिनीला सांगा." त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.

"बरं बाई," आबा म्हणाले. मुलीकडं वळले. "साहेबाला सांग, त्येची आय सांगायची समदं. ती गेली. पर मी काय भैरा झालो न्हाय."

मुलगी माझ्याकडं वळली. तिनं तोंड उघडलं, पण शब्द काही निघाला नाही. परीक्षेत वाक्य गाळलं तर गुण जातात, हे तिला माहीत होतं आणि मलाही. म्हणून मीच म्हणालो, "कळलं."

"सर!" मॅडम ओरडल्या. "तुम्हाला मराठी कळत नाही!"

"ते खरंय मॅडम," मी म्हणालो आणि डोळे पुसायला टाय घेतला. टाय स्टाफरूमचा होता, तो नंतर धुऊन द्यावा लागला.

मग अध्यक्षांना सगळं सांगावं लागलं. ते इतके हसले की त्यांना पाणी आणावं लागलं. पण गुणांचा प्रश्न उरलाच. मॅडमचं म्हणणं नियमाला धरून होतं. मुलीची मराठी प्रमाण नव्हती, शेवटचं वाक्य तिनं पोचवलं नव्हतं, आणि 'पोटात गोळा' मूळ इंग्रजीत नव्हता. तो तिनं पदरचा घातला. मी इंग्रजीचा परीक्षक म्हणून काही बोलणार तेवढ्यात अध्यक्ष आबांना म्हणाले, "आबा, मराठी बाजूला तुम्हीच होता. तुम्ही सांगा, हिला बिल्ला द्यायचा का?"

"द्यायचा म्हंजी? साहेब, ह्या माणसाला पयली बोलाय मी शिकवलं. आज येवढ्या वर्सांनी त्यो काय बोलतो त्ये मला कळलं, ह्या पोरीमुळं. तिला बिल्ला द्या." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्येला देऊ नगा. ह्येला एकच भाषा येती, आन् ती बी आपली न्हवं."

मॅडम बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. शेवटी गुण भरले आणि मला हळूच म्हणाल्या, "पोटात गोळा बरोबर होता ना?" मी म्हणालो, "अगदी तिथंच होता."

डोळे दाखवून आम्ही संध्याकाळी अंथुर्ण्याला निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रेंगाळत चालली होती. एरवी लासुर्णे ओलांडलं की माझं 'आहे'चं 'हाय' होतं, पण त्या दिवशी ना आहे निघालं ना हाय. आबाही गप्प. मला वाटलं, झालं, परीक्षा संपली, आता पुन्हा म्हैस.

घरी पोचलो. आबांनी टोपी खुंटीला लावली आणि सवयीनं दावणीकडं गेले. वैरणीची पेंढी सोडली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय गं, साहेब..." आणि थांबले. वळले. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच म्हशीला पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले.

"बोल," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. वर्गात मी पाऊण तास न अडखळता बोलतो. इथं 'आबा' एवढंच निघालं आणि पुढं काही येईना. मी पुन्हा म्हणालो, "आबा..." आणि पुन्हा गप्प. म्हैस सुद्धा रवंथ थांबवून बघत होती.

आबांनी थोडी वाट बघितली. मग माझी दया आल्यासारखे म्हणाले, "जमत नसंल तर इंग्रजीत सांग. मी लावतो अर्थ."

ते ऐकून मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं, आणि या वेळी डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मी म्हणालो, "भ्या वाटतं, आबा. तुमी एकलं असता. लई भ्या वाटतं."

"मला बी वाटतं," आबा म्हणाले. "पर तितं खिडकीत बसून मरायचं भ्या जास्त वाटतं. मी हितंच ऱ्हाणार. म्हस बी हितंच ऱ्हाणार."

"आन् मी काय करू?"

आबांनी उरलेली पेंढी माझ्या हातात दिली आणि म्हशीकडं बोट केलं.

"भ्या वाटलं की ये."